मुसफ्फाचं मखर

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ फेब्रुवारी २०२५

तुझं पत्र मला फोडलेलं मिळालं. आशीर्वाद मागाहून, आधी हे ऐक. इथे दारावर पोस्टमन येत नाही हे तुला ठाऊक आहे. टपाल येतं ते तुझ्या बापाच्या कंपनीच्या बॉक्सात, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. तिथली बाई आली पाकिटं की सरसकट सुरी घालते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं बिल आणि आजीचं पत्र, दोन्ही एकाच सुरीखाली. मी गुणवंतला बोलले, तर म्हणाला, आई, त्या बाईला मराठी येत नाही. तिला येत नसेल. तुला तर येतं ना, असं मी विचारलं. तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

चि. शुभ्रास, आजीचा आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. तुझी आई सकाळी नर्सरीत जाते, परक्यांच्या पोरांची नाकं पुसते आणि चार वाजता डोकं धरून येते. गुणवंतच्या रक्तात चरबी निघाली आहे, तरी शनिवारी मटण हवंच. शेजारची एमान अजून मला यल्ला यल्ला करत खाली चालायला नेते. ती अरबी बोलते, मी मराठी, पण गुडघे दोघींचे एकाच भाषेत बोलतात.

तू लिहिलंस की आता बेल्जियम सोडून पोर्तुगालला आलीस आणि तिथे उन्हाळ्यापर्यंत राहणार. शिमग्याची पालखी घरोघर नाचवतात तशी ही विद्यापीठं तुला देशोदेशी नाचवताहेत. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, आणि एकाने दिलेले मार्क दुसरा मुकाट्याने मान्य करतो म्हणतेस. मला हे खरंच वाटेना. तुझ्या आईची बी.एड. इथे शिक्का मार, तिथे शिक्का मार करता करता कपाटात पिवळी पडली, ती कुणी मान्य केली नाही. निमकर साहेबांचा मुलगा सिद्धांतही तुझं बघून याच शिक्षणाला गेला, तो पोलंडला आहे असं त्याची आई सांगत होती. तिला थंडीची काळजी. मला त्याच्या अकलेची आहे.

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस बाल्कनीत बसवून माझ्या नाकाखाली फोन धरलास आणि मला बोलतं केलंस. शेवटी एका कागदावर सही घेतलीस. मी चौथीच शिकले, म्हणून वाचल्याशिवाय सही करत नाही. पण तो कागद इंग्रजीत होता आणि पुढे तू होतीस, म्हणून केली. त्या बोलण्याचं पुढे काय केलंस ते कळव. फोनवर नको. त्या बोटिमच्या व्हिडिओवर बोलायचं म्हटलं की आईबाप दोन्ही खांद्यांवर येऊन उभे राहतात आणि तुझं तोंड मध्येच वाकडं होऊन थांबतं.

कळावे. लोभ असला तर पत्रातून दिसेलच, वेगळा मागत नाही.

तुझी आजी
भागीरथी

*

पोर्तो
२ मार्च २०२५

प्रिय आजीस, शुभ्राचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि एकटीच हसत होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. माझ्या मराठीला हसू नकोस. महिन्यातून एकदाच लिहिते आणि तेही तुलाच. इथे मला कुणी विचारलं की एवढी वेगळी लिपी कुठल्या शाळेत शिकलीस, तर मी सांगते, आजीच्या पाटीवर, दुबईत, ती चौदा वर्षांच्या मुलीला रोज एक तास अक्षरं गिरवायला बसवायची आणि उठू द्यायची नाही.

आता तुझ्या बोलण्याचं काय केलं ते सांगते. माझा कोर्स घर सोडून कामाला गेलेल्या माणसांबद्दल आहे. तीन देशांतली तीन विद्यापीठं मिळून तो चालवतात. शेवटी एक मोठा प्रबंध लिहायचा. इथल्या माझ्या मॅडम तो लिहून घेतात, पण मार्क त्या एकट्या देत नाहीत. बेल्जियमचे एक सर आणि पोलंडच्या एक मॅडम, दोघेही वाचतात, प्रश्न पाठवतात, मग ठरतं. माझा प्रबंध तुझ्यावर आणि आजोबांवर आहे. आजोबा तेवीस वर्षं अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या कारखान्यांत वेल्डर होते, कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहिले, आणि त्या पैशांवर बाबा इंजिनिअर झाले, हे सगळं तू सांगितलंस तसं. आणि गणपतीची दुपार. मॅडम म्हणाल्या, या प्रबंधाचा जीव त्या मखरात आहे.

तू अजिबात घाबरू नकोस, मी सगळी नावं बदलली. तू कमल झालीस, आजोबा दत्ताराम, आणि बाबा नुसते 'थोरला मुलगा'. गावाचं नाव काढलं, बिल्डिंगचं काढलं, निमकर अंकलचंही काढलं. मी तुला विचारलं होतं आठवतं, हे लिहू का? तू म्हणालीस, लिही, तिकडे कोण वाचतंय.

बाबांना अजून काही सांगितलं नाही. डिग्री हातात आली की मी स्वतः सांगेन. तोवर तूही बोलू नकोस, प्लीज.

आईला सांग, मी इथे रोज वरण-भात करते. खोटं आहे, पण सांग.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

शुभ्रा

*

डिस्कव्हरी गार्डन्स
१४ एप्रिल २०२५

नावं बदललीस आणि मखर तसंच ठेवलंस. शहाणी! घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवावी तसं झालं.

चि. शुभ्रास आशीर्वाद, तो द्यायचा म्हणून देते. वि. वि.

हे पत्र एमान तिच्या नवऱ्याच्या लाँड्रीच्या बॉक्सातून पाठवते आहे. तुझं उत्तरही तिथेच यायला हवं, नंबर मागे लिहिला आहे. कंपनीच्या बॉक्सात आता काही टाकू नकोस.

झालं ते असं. तुमच्याकडे म्हणे सगळ्या मुलांच्या प्रबंधांची थोडक्यात हकिकत एका सामाईक फळीवर ठेवतात, तिन्ही देशांतल्या मुलांनी वाचावी म्हणून. पोलंडात सिद्धांतने तुझी वाचली. त्यात त्याला मखर दिसलं. चार घड्यांत मिटणारं, छत्रीसारखं उघडणारं, स्क्रू एकही नाही, आणि प्रत्येक खीळ कडीला साखळीने बांधलेली, हरवू नये म्हणून. तसलं मखर जगात दोनच आहेत. एक आपल्याकडे आणि एक त्याच्या बापाकडे. पोराने सरळ घरी फोन लावला आणि विचारलं की आपलं मखर करणारा तो मुसफ्फाचा वेल्डर गुणवंत अंकलचे वडील होते का.

निमकर साहेबांनी ते गुणवंतला विचारलं. कुठे? मंडळाच्या मीटिंगमध्ये, पाडव्याच्या कार्यक्रमाचा हिशेब चालला असताना, चौदा माणसांत. ज्यांनी गुणवंतला या नोकरीला चिकटवलं, त्यांनी विचारलं. वाईट मनाने नाही, मनापासून विचारलं, तेच जास्त लागलं.

तू काय लिहिलंस ते मला वाचता येत नाही. म्हणून मी काय सांगितलं होतं ते माझ्या हाताने पुन्हा लिहिते. ताडून बघ. एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर तुझं तू निस्तर.

पंधरा-सोळा वर्षांमागची गोष्ट. मी गावी, लांज्याला. गुणवंतने हे घर नवीन घेतलं होतं भाड्याने आणि पहिला गणपती बसवायचा होता. त्याने तुझ्या आजोबांना फोनवर माप दिलं, एवढं उंच, एवढं रुंद. त्यांनी ड्युटी संपल्यावर वर्कशॉपातल्या तुकड्यांतून ते मखर जोडलं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. चादरीत गुंडाळून, दोन बस बदलून, खांद्यावरून आणलं. अंगात पांढरा शर्ट होता, पण जोडताना मळायला नको म्हणून काढून ठेवला. गंजीफ्रॉकवर, काळ्या हातांनी खाली बसून खिळी ठोकत होते आणि निमकर मंडळी तासभर आधीच आली. साहेबांनी काम बघितलं, वाहवा केली आणि गुणवंतला विचारलं, हा कोण?

गुणवंत म्हणाला, मुसफ्फाहून वेल्डर बोलावलाय.

साहेबांनी मग त्यांनाच सांगितलं, आम्हालाही एक करून दे रे. आणि ते म्हणाले, हो साहेब. तुझ्या आईने, विभावरीने, ताट वाढलं, चांगलं वाढलं, पण स्वयंपाकघरात. आरतीच्या आधी ते निघाले, बस चुकेल म्हणून. पुढच्या वर्षी निमकरांचं मखर त्यांनी करून दिलं आणि नेऊनही दिलं.

हे मला त्यांनी सुट्टीवर आल्यावर सांगितलं, विळ्याला धार लावता लावता. मी भडकले. मला म्हणाले, त्याने खोटं कुठे सांगितलं, मी वेल्डरच आहे. परत त्यांनी तो विषय काढला नाही आणि परत या घरी ते आले नाहीत. दोन हजार चौदाला गेले. गुणवंत तेराव्याला आला, सगळं नीट केलं, जेवणावळ चांगली घातली. तेव्हाही मी बोलले नाही. आणि बाल्कनीत तुझ्या फोनला बोलून बसले. म्हातारीची जीभ.

आता घरात काय आहे ते ऐक. गुणवंत माझ्याशी बोलत नाही. मखर त्याने बाहेर जिन्यात कचऱ्याच्या झडपेपाशी नेऊन ठेवलं, वॉचमन नेईल म्हणून. मी आणि एमानने ते परत आत ओढलं. आता माझ्या पलंगामागे आहे. तुझी आई दोघांमध्ये ताटं नेते आणि आणते, पोस्टमनसारखी. इथे एक आहे म्हणायचा.

त्याने एक कागद टाइप करून माझ्या चहाच्या बशीखाली ठेवला आहे. मजकूर असा की मी जे बोलले ते वयामुळे, आठवण दगा देते, म्हणून माझं सगळं बोलणं मी परत घेते. तो म्हणतो की तुमच्या नियमात बोलणाऱ्या माणसाला तसा हक्क आहे, मात्र पत्र त्याच्या स्वतःच्या हातचं आणि सहीचं हवं. नियम त्याने तुझ्या वेबसाइटवर शोधून काढला. बापाची माहिती शोधायला एवढी मेहनत कधी घेतली नव्हती.

मला हे कळव: मी तसं लिहून दिलं तर तुझं काय होतं? गोड करून सांगू नकोस.

लोभाचं पुढे बघू.

भागीरथी

*

दुबई
२० एप्रिल २०२५

प्रिय शुभ्रा,

फोन उचलत नाहीस, मेसेजवर दोन ब्लू टिक येतात आणि खलास. म्हणून तुझ्या आजीसारखा कागद घेतला. शेवटचं मराठी पत्र मी कॉलेजात असताना लिहिलं होतं, मुसफ्फाच्या कॅम्पच्या पत्त्यावर.

मला भांडायचं नाही. तू हुशार आहेस, तुझा रिसर्च तुझा आहे. पण ज्या घरात वाढलीस त्याच घराची लाज तीन युनिव्हर्सिटींत वाटत फिरणं याला रिसर्च म्हणत असतील तर मला तो कळत नाही. निमकर साहेबांसमोर मी काय उत्तर देणार होतो? घरी आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. सगळे नॉर्मल वागतात, तेच सहन होत नाही.

आई विथड्रॉवलचं पत्र लिहिणार आहे. पंधरा जूनपर्यंत मुदत आहे. तू तिच्या मध्ये येऊ नकोस. तू दुसरा टॉपिक घे, सहा महिने जास्त लागले तरी चालतील, खर्च मी बघेन.

दुसरं. जानेवारीत दोन दिवस येऊन गेलीस, म्हणजे जून संपायच्या आत दुबईत एकदा पाऊल टाकलं नाहीस तर तुझा रेसिडेन्स व्हिसा आपोआप जातो. तू इथे जन्मलीस, पण इथे राहतेस ती माझ्या सहीवर, हे विसरू नकोस. तिकीट काढायला मी तयार आहे. आधी हे प्रकरण मिटव.

त्या दुपारबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही, तुझ्या आईशीही नाही. यापुढेही बोलणार नाही. तुला काय वाटतं, मला ते आठवत नाही?

काळजी घे.

बाबा

*

पोर्तो
६ मे २०२५

प्रिय आजी,

नमस्कार. तुझं पत्र आणि बाबांचं पत्र एकाच दिवशी मिळालं. बाबांचं मी दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

तू विचारलंस म्हणून सरळ सांगते. तू बोलणं परत घेतलंस तर प्रबंध बाद होतो. मला नवीन विषय, नवीन माणसं शोधावी लागतील आणि डिग्री यंदा मिळणार नाही. हॅम्बर्गला एक नोकरी ठरली आहे, ती सप्टेंबरपर्यंत थांबते, त्यापुढे नाही. नोकरी गेली तर इथला व्हिसा गेला, आणि दुबईचा बाबा जाऊ देणार. मग मी कुठली, हे मला कुणीतरी सांगा. पण आजी, हक्क तुझाच आहे. तुला नको असेल तर मी एकही ओळ ठेवणार नाही. हे मी रडत लिहीत नाही.

मखराबद्दल तू बोललीस ते बरोबर आहे. चूक माझी. मला वाटलं नाव काढलं की माणूस लपतो. आपल्या लोकांत माणूस नावाने नाही, वस्तूवरून ओळखतात, हे मला आधी कळायला हवं होतं.

दोन्ही वाचणाऱ्यांचे रिपोर्ट आले. बेल्जियमचे सर खूश आहेत. पोलंडच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला आहे आणि त्याच्या उत्तराशिवाय त्या सही करणार नाहीत. त्या म्हणतात, आई बोलली, बाप आईच्या तोंडून बोलला, मग मुलगा कुठे आहे? त्याची बाजू का नाही? तो तर अजून जिवंत आहे. मी त्यांना काय लिहू? मी लिहिणार आहे की मुलगा बोलायला तयार नाही, कारण त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

मला बाबांची खूप लाज वाटते आजी. स्वतःच्या वडिलांना! मी त्या दिवशी तिथे असते तर सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं असतं की हे माझे आजोबा आहेत. पण तू सांगितलंस तशी मी तेव्हा आईबाबांपासून लांब, पुण्याला मामाकडे होते. मला आजोबांचा चेहरासुद्धा फक्त फोटोतून माहीत आहे. हे सुद्धा बाबांमुळेच.

उत्तर लवकर दे. वाट बघते.

तुझी
शुभ्रा

*

डिस्कव्हरी गार्डन्स
२४ मे २०२५

गुणवंत आणि शुभ्रा, दोघांस.

हे पत्र मी दोनदा लिहिलं. एक प्रत एमानचा भाऊ परवा लिस्बनला चालला आहे, तो पोर्तोला टपालात टाकेल. दुसरी गुणवंतच्या ताटाखाली. दोन्हींत अक्षर न् अक्षर एकच आहे, कुणाला कमी कुणाला जास्त नाही. हात दुखला आहे, म्हणून आशीर्वाद एकदाच लिहिते, तो दोघांत वाटून घ्या.

गुणवंत, तुझा टाइप केलेला कागद मी वाचला. त्यात लिहिलं आहेस की माझी आठवण दगा देते. तुझा जन्म मंगळवारी पहाटे झाला, खळ्यात भात पडला होता आणि सुईणीला शेजारच्या वाडीतून यायला उशीर झाला. दाईचं नाव, तिला दिलेल्या लुगड्याचा काठ, सगळं सांगते, विचार. मी त्या कागदावर सही करणार नाही. बोललेला एकही शब्द मी परत घेत नाही.

उलट एक शब्द वाढवणार आहे. फोनला बोलताना एका जागी मी खोटं बोलले. तेवढंच दुरुस्त करायचं राहिलं आहे.

शुभ्रा, तू पुण्याला नव्हतीस. तू त्या दिवशी घरातच होतीस, सहा वर्षांची, हिरवं परकर-पोलकं घालून. आजोबा खाली बसून खिळी ठोकत होते. गुणवंतने ते वाक्य बोलून टाकलं आणि मग त्याला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून त्याने तुला पुढे केलं आणि सांगितलं, जा, अंकलना पाणी दे. तू ग्लास नेलास. तुम्हा इथल्या पोरांना सवयच होती, प्लंबर आला, एसीवाला आला, की हिंदीत बोलायचं. तू त्यांच्यापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, अंकल, पानी.

ते मराठीत काही बोलले असते तर तुला कळलं असतं, पाहुण्यांनाही कळलं असतं. त्यांनी ग्लास घेतला, पाणी पिऊन रिकामा परत दिला, आणि म्हणाले, शुक्रिया बेटा. स्वतःच्या नातीला.

हे मला त्यांनी विळ्याला धार लावताना सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना राग नव्हता. म्हणाले, नात हिंदी चांगली बोलते. एवढंच. मग पाण्याचा हात विळ्यावर फिरवला आणि परत घासायला लागले.

म्हणून ते गेल्यावर दोन वर्षांनी मी इथे आले आणि दुसऱ्याच दिवशी तुला पाटी आणायला लावली. तुला वाटलं म्हातारीचा वेळ जात नाही. मला तुझ्या तोंडात मराठी घालायची होती, ते ऐकायला आता नाहीत हे ठाऊक असून. ही लिपी कुठे शिकलीस असं विचारतात ना तुला तिथे, त्यांना हेही सांग.

तुला दोष देत नाही. सहा वर्षांच्या पोरीचा दोष नसतो. पण मी तिथे असते तर ओरडून सांगितलं असतं, असं यापुढे लिहू नकोस. तू तिथे होतीस. माणूस तिथे असतो तेव्हा बहुतेक पाणीच देतो.

आता तुमच्या विद्यापीठांना माझं म्हणणं कळवायचं. मी वेगळ्या कागदावर ते लिहून खाली सही केली आहे, शुभ्रा, तू त्याचं भाषांतर करून तिन्ही ठिकाणी पाठव. एक, हे सगळं ठेवावं आणि पाण्याचा ग्लासही त्यात घालावा. दोन, मला कमल करू नये, माझं नाव भागीरथी आहे. तीन, दत्ताराम काढावं. मी लग्नात नाव घेतलं ते उखाण्यात, त्यानंतर पंचावन्न वर्षांत एकदाही तोंडाने घेतलं नाही. आज लिहिते. महादू. महादू मांडवकर, वेल्डर. त्यांना वेल्डर म्हटल्याची लाज कधी वाटली नव्हती. बाप म्हणायचं राहिलं, त्याचं काही वाटलं असेल तर मला ठाऊक नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मुलाचं नाव घालू नये. तो 'थोरला मुलगा' आहे तसाच राहू दे. त्याला घालायचं असेल तर त्याने स्वतः घालावं.

गुणवंत, पोरीचा व्हिसा तुझ्या सहीवर आहे, माझाही आहे, तुझ्या बायकोचाही. ही सही तुझ्या हातात आली ती कुणाच्या हातांवर, याचा हिशेब मी तुला आजवर मागितला नाही, आजही मागत नाही. पोरीचं तिकीट काढायचं की नाही, ते तू ठरव. या घरात मी किती दिवस राहायचं, ते मात्र तू ठरवायचं नाहीस. मला लांज्याला घर आहे, छप्पर गेल्या वर्षी शाकारलं आहे. मी जाताना मखर घेऊन जाईन, आता माझ्या वयाला ते दोन माणसांचं वजन आहे, एक मी आहे, दुसरा शोधीन. यंदा गणपती कशात बसवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

मात्र एक गोष्ट राहते. पोलंडच्या त्या मास्तरणीने विचारलं आहे की मुलगा कुठे आहे. परकी बाई, थंड देशातली, पण नेमकं तेच विचारलं जे मी आई असून ते गेल्यापासून अकरा वर्षांत विचारलं नाही. शुभ्राने लिहिलं की त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. मला तसं वाटत नाही. ज्याने आठवडाभर मखर जिन्यात ठेवायचं की नाही यावर झोप घालवली, त्याच्या पोटात काहीतरी असणार. ते चांगलं असेल, वाईट असेल, मी त्याची वकील नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. शुभ्रा, तूही द्यायचं नाहीस, एक ओळही नाही, तुझी डिग्री अडली तरी. विभावरीने शेजारी बसून सांगायचं नाही. पंधरा जूनच्या आत, स्वतःच्या हाताने, टाइप न करता, मराठीत, उत्तर गुणवंतने द्यायचं.

भागीरथी महादू मांडवकर